बोलोन्याहून एक दिवस: आधी चीज, मग व्हिनेगर, शेवटी लांब्रुस्को

प्रश्न असा आहे: "ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे तीन रात्री इटलीत बोलोन्यात आहोत. आई-बाबा साठीच्या पुढचे. आई पूर्ण शाकाहारी, बाकी आम्ही सगळं खातो. एक दिवस शहराबाहेर चीज, वाईन आणि निवांत जेवण असा बेत आहे. एक टूरवाला एकाच दिवसात चीज, हॅम, व्हिनेगर, वाइनरी आणि वर फेरारी म्युझियम दाखवतो म्हणतो. घ्यावी का, की गाडी करून स्वतः जावं?"

ती टूर नको. यादी चांगली आहे, पण ती एका दिवसाची नाही. पार्माचं हॅम, म्हणजे प्रोश्यूत्तो, मुख्यतः लांगिरानोच्या परिसरात मुरवतात. ते गाव पार्माच्याही दक्षिणेला, बोलोन्यापासून शंभर किलोमीटरच्या वर आहे. व्हिनेगर मोदेनाचं, आणि मोदेना बोलोन्यापासून फक्त चाळीस किलोमीटरवर. दोन्ही एका दिवसात कोंबले की दिवस हायवेवर जातो आणि जेवण बसच्या खिडकीशी उरकावं लागतं. हॅम सोडा. आई तसंही खाणार नाही, आणि बाकीच्यांना ते जेवणाच्या ताटात मिळेलच. मोदेनाच्या दक्षिणेला स्पिलांबेर्तो, विन्योला आणि कास्तेलवेत्रो ही तीन गावं आठ-दहा किलोमीटरच्या टापूत आहेत. तुमचा दिवस तिथेच घालवा, आणि थांबे तीनच ठेवा.

दिवसाचं वेळापत्रक दूध ठरवतं, तुम्ही नाही. पार्मिजानो रेज्जानो हे इथलं चीज रोज फक्त सकाळी बनतं. अकराला पोहोचणाऱ्यांना धुतलेल्या फरश्या आणि रिकामे हंडे बघायला मिळतात. मग "कारखाना काही खास नव्हता" असं लोक सांगत फिरतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून कझेइफीचोत, म्हणजे चीजच्या डेअरीत, साडेआठपर्यंत पोहोचा. बोलोन्याहून साडेसातला निघावं लागेल. हॉटेलचा नाश्ता सोडून द्या, चीज मिळणारच आहे.

तिथे काय बघायचं हे आधी माहीत असलं तर वाफ आणि गडबडीतही हुकत नाही. आदल्या संध्याकाळचं दूध उथळ ट्रेमध्ये रात्रभर ठेवतात. वर आलेली साय काढून त्याचं लोणी करतात. खाली उरलेलं अर्धवट साय काढलेलं दूध आणि सकाळचं ताजं, पूर्ण सायीचं दूध एकत्र होऊन तांब्याच्या हंड्यात जातं. हंडा उलट्या घंटेच्या आकाराचा, बराचसा जमिनीत गाडलेला. एका हंड्यात हजार लिटरच्या वर दूध मावतं आणि त्यातून चीजची दोनच चाकं निघतात. त्यात पहिल्यांदा आदल्या दिवसाची आंबवलेली निवळी घालतात, आपल्या विरजणासारखी. त्यानंतर रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य. आठ-दहा मिनिटांत दूध घट्ट होतं. मग कझारो, म्हणजे चीज करणारा, स्पीनो नावाचं तारांच्या पिंजऱ्यासारखं अवजार फिरवून तो गोळा तांदळाच्या दाण्याएवढा बारीक करतो. हंडा 55 अंशांपर्यंत तापवतात. मधेमधे तो हात घालून मूठभर दाणे काढतो, दाबतो, बोटांनी मोडून बघतो. थर्मामीटर असतोच, पण आच कधी बंद करायची हे त्या मुठीवरून ठरतं.

यानंतर साधारण पन्नास मिनिटं काहीच घडत नाही. दाणे तळाशी बसून एकमेकांना चिकटत असतात. गाइड लोक याच वेळात मुरवणीची खोली दाखवून आणतात. तुम्ही मात्र परत हंड्याशी यायला विसरू नका, कारण खरा देखावा त्यानंतर आहे. दोघे जण लाकडी फळीने तळचा गोळा वर उचलतात, त्याखाली कापड सरकवतात आणि कापडाची टोकं आडव्या दांड्याला बांधतात. मोठ्या सुरीने गोळ्याचे दोन तुकडे करतात. या दोघांना ते "जुळे" म्हणतात. प्रत्येक जुळा नंतर चाळीसेक किलोचं चाक होतो. साचा, मग तीनेक आठवडे मिठाच्या पाण्यात, मग किमान बारा महिने लाकडी फळ्यांवर.

बारा महिन्यांनी चीज उत्पादकांच्या संघाचा तपासनीस येतो आणि प्रत्येक चाकावर छोट्या हातोडीने ठोकून ऐकतो. आत पोकळी किंवा भेग असेल तर आवाज बदलतो. आपण कलिंगड वाजवून घेतो तसंच, फक्त पोटापाण्याचा धंदा म्हणून. पास झालं तर सालीवर डाग देऊन शिक्का बसतो. दुय्यम दर्जाच्या चाकांच्या सालीवर समांतर रेघा कोरतात, आणि नापास चाकांवरून नाव दाखवणारे ठिपके खरवडून टाकतात. दुकानात तुकडा घेताना सालीवर ठिपक्यांतलं नाव आणि रेघा दोन्ही बघा. रेघावालं चीज खोटं नसतं. ते लवकर खायचं आणि स्वस्त, इतकंच.

विकत घेताना एकच मोठा तुकडा घेऊ नका. 24 महिन्यांचं अर्धा किलो आणि 36 महिन्यांचं अर्धा किलो घ्या आणि व्हॅक्यूम पॅक करून मागा, त्याला "सोत्तोव्हुओतो" म्हणतात. 36 महिन्यांच्या चीजमधे पांढरे कण दाताखाली कुरकुरतात. ते मीठ नाही, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक आहेत, जुनेपणाची खूण. हे चीज सुरीने कापायचं नसतं. बदामबीच्या आकाराच्या छोट्या पात्याचं टोक खुपसून फोडायचं असतं.

आता आईंबद्दल, कारण ही गोष्ट टूरवाला सांगत नाही. पार्मिजानो रेज्जानोमधलं रेनेट वासराच्या जठरातून काढलेलं असतं. नियमानेच तसं असावं लागतं, त्यामुळे या नावाचं शाकाहारी चीज असूच शकत नाही. त्याच निवळीतून रिकोटा करतात, म्हणजे प्रश्न तिथेही मागे येतो. आई हे चालवून घेतात का, हे जायच्या आधी घरी विचारा, हंड्याशी उभं राहून नको. बरेच शाकाहारी लोक कळल्यावरही खातात, काही सोडतात. दोन्ही ठीक आहे, पण निर्णय त्यांचा असू दे. वनस्पतिजन्य रेनेटचं चीज हवं असेल तर "काल्यो व्हेजेताले" विचारा. दुकानात वेगळ्या जातीचं एखादं मिळतं.

दुसरा थांबा अकराच्या सुमारास, अचेताया. म्हणजे पारंपरिक बाल्सामिको, मोदेनाचं ते व्हिनेगर, जिथे मुरतं ती जागा. हा थांबा आईंना सगळ्यात जास्त आवडण्याची शक्यता आहे, कारण इथे द्राक्षाशिवाय काहीच नसतं. द्राक्षाचा रस उघड्या भांड्यात तासन् तास आटवतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे काम चालू असण्याची शक्यता चांगली असते. वास गुऱ्हाळातल्या काहिलीच्या जवळचा, रंगही काकवीकडे झुकणारा. काकवी बाटलीत जाते, हा रस मात्र पिपात जातो आणि पुढची बारा ते पंचवीस वर्षं तिथेच राहतो.

पिपांची रांग असते, तिला "बात्तेरीया" म्हणतात. मोठ्यापासून लहानापर्यंत, ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा वेगवेगळ्या लाकडांची. वरच्या तोंडावर फक्त कापड, म्हणजे पाणी उडत राहतं. दर हिवाळ्यात सगळ्यात लहान पिपातून थोडं काढतात, ते शेजारच्या पिपातून भरतात, तिथली तूट त्याच्या शेजारच्यातून, आणि शेवटच्या मोठ्या पिपात नवा आटवलेला रस. म्हणून "पंचवीस वर्षांचं" या शब्दाचा अर्थ एका साली भरलेली बाटली असा नसतो. त्या रांगेतून हळूहळू पुढे सरकत आलेलं मिश्रण असतं. आणि रांग तळघरात नसते, माळ्यावर असते. उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही लागतात: उन्हाळ्यात आंबतं आणि आटतं, हिवाळ्यात निवतं. इथेच तुमची अडचण आहे: माळ्याचे जिने बहुतेकदा अरुंद आणि चढाचे. आई-बाबांच्या गुडघ्यांबद्दल बुकिंगच्या मेलमधेच लिहा. काही ठिकाणी तळमजल्यावर किंवा लिफ्टने जाता येईल अशी रांग असते.

लेबलची गल्लत इथे महाग पडते. "अचेतो बाल्सामिको त्रादित्सियोनाले दि मोदेना", डी.ओ.पी. (मूळ जागेची हमी देणारा युरोपचा शिक्का), हे खरं जुनं. घटक एकच, आटवलेला द्राक्षरस. ते नेहमी 100 मिलीच्या एकाच घडणीच्या बाटलीत येतं: गोल पोट, खाली चौकोनी बूड. मोटारींचे डिझाइनर जोर्जेत्तो जुजारो यांनी ती घडवली आहे. किमान बारा वर्षांचं एक आणि पंचवीसच्या वरचं "एक्स्ट्राव्हेक्यो", असे दोनच प्रकार. साधारण 40 युरोपासून सुरुवात आणि जुन्याला त्याच्या दुप्पट धरून चला. "त्रादित्सियोनाले" हा शब्द नसलेलं, आय.जी.पी. (तसाच, पण सैल नियमांचा शिक्का) लिहिलेलं बाल्सामिको म्हणजे वाईनचं व्हिनेगर आणि द्राक्षरस यांचं मिश्रण. त्याला साठ दिवस पुरतात आणि कॅरमलचा रंगही थोडा चालतो. सॅलडला उत्तम, पण पारंपरिक म्हणून चाळीस युरो देऊ नका. आय.जी.पी. घेतानाही मागच्या बाजूला घटकांत आधी "मोस्तो" आहे की "अचेतो दि विनो" ते बघा. द्राक्षरस आधी असेल तर ते जास्त दाट आणि गोडसर. सोनेरी शिक्के, पदकं, पानांची चित्रं यांना काही अर्थ नाही.

चव घेताना धातूचा चमचा नको, चिनीमातीचा किंवा प्लॅस्टिकचा. तरुण आधी, जुनं शेवटी. अर्धा चमचा जिभेवर ठेवून लगेच गिळू नका: आधी गोड लागतं, मग आंबट मागून येतं, आणि शेवटी लाकूड. वेळ उरला तर स्पिलांबेर्तोत याच व्हिनेगरचं म्युझियम आहे. मूळ अचेताया नीट बघितली असेल तर ते सोडलं तरी चालेल.

जेवण पाऊणला बुक करा. बारापर्यंत व्हिनेगर आटोपलं तर घाई होत नाही. अडीचच्या आसपास स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडत नाहीत. तीनला भूक लागली तर पेट्रोल पंपावरचं सँडविच, दुसरं काही नाही. कास्तेलवेत्रोच्या टेकडीवर "आग्रितुरिझ्मो" बरेच आहेत. शेती करणाऱ्या कुटुंबाने शेतातच चालवलेलं खाणावळ-घर असा त्याचा कायद्याने ठरलेला अर्थ आहे. रविवारी इथे आसपासच्या गावांतली कुटुंबं भरतात, सोमवार-मंगळवारी कित्येक बंद असतात. तुमच्या तीन दिवसांतला बुधवार ते शनिवारमधला दिवस निवडा.

शाकाहारी माणसासाठी मोदेना हे अवघड गाव आहे, हे आधीच मान्य केलेलं बरं. इथे डुकराची चरबी, "स्त्रुत्तो", तेलासारखी वापरतात आणि ती दिसत नाही. न्योक्को फ्रित्तो, म्हणजे पुरीसारखी टम्म फुगणारी चौकोनी तळलेली पोळी, बघून आईंचा जीव लगेच त्यात अडकेल. पण ती पारंपरिक पद्धतीने चरबीत तळतात आणि पिठातही चरबी असते. तिजेल्ले या छोट्या गोल भाकऱ्यांच्या पिठातही बऱ्याचदा असते. त्यात भरायला जो पांढरा लोण्यासारखा गोळा येतो तो लसूण आणि रोझमेरी घालून वाटलेली डुकराची चरबीच आहे, लोणी नाही. टेबलवर सगळ्यात जास्त फसवतो तो हाच. शेजारच्या रेज्जो शहराकडची पालेभाजीची वडी, एर्बात्सोने, तिच्यातही चरबी किंवा बेकन असू शकतं.

मग खायचं काय? "तोर्तेल्लोनी", रिकोटा आणि पालेभाजी भरलेले, लोणी आणि सेजची सुगंधी पानं घालून. अक्षरं नीट वाचा: तोर्तेल्लोनी मोठे, रिकोटाचे, "तोर्तेल्लीनी" छोटे, आत डुकराचं मांस आणि बहुतेक वेळा मांसाच्या रश्शात. एका मात्रेचा फरक, आणि वेटरला घाईत तो ऐकू येत नाही, म्हणून मेन्यूवर बोट ठेवून दाखवा. ताज्या पास्त्यात अंडं असतंच, इथलं प्रमाण शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं. अंडं चालत नसेल तर आधीच कळवून सुका रव्याचा पास्ता टोमॅटोत करून मागा. सोबत भाजलेल्या भाज्या, भाजलेले बटाटे चालतील, पण चरबीचं विचाराच. वाक्य पाठ करून ठेवा: "सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दि कार्ने, सेन्झा स्त्रुत्तो." मांस नको, मांसाचं पाणी नको, चरबी नको. नुसतं "व्हेजेतारियाना" म्हटलं तर पहिलीच गोष्ट टळते. बिलात माणशी दोन-तीन युरो "कोपेर्तो" दिसेल. ते टेबलावर बसण्याचं शुल्क आहे, फसवणूक नाही, आणि त्यावर टिप द्यायची गरज नाही. बाबांना शेवटी कॉफीबरोबर "नोचीनो" मागवा, हिरव्या अक्रोडाचं कडू-गोड मद्य.

वाइनरी साडेतीन-चारला. लांब्रुस्को ही इथली फेसाळ वाईन म्हणजे गोड लाल सोडा अशी समजूत घेऊन लोक येतात, कारण परदेशात वर्षानुवर्षं तशीच गेली. इथली बहुतेक कोरडी, म्हणजे गोड नसलेली असते, फेसाळ, थोडी थंड करून प्यायची, आणि चरबीदार जेवण कापून काढायलाच जन्माला आलेली. तिच्या जाती वेगवेगळ्या: कास्तेलवेत्रोची ग्रास्पारोस्सा गडद, तुरट. मोदेनाच्या उत्तरेकडची सोर्बारा फिकट गुलाबी, आंबट, सुगंधी. सोर्बाराच्या वेलीची फुलं स्वतःच्या परागाने फळत नाहीत, म्हणून तिच्या मळ्यात सालामीनो जातीच्या ओळी लावाव्या लागतात. लेबलवर "सेक्को" कोरडी, "आमाबिले" गोडसर, "दोल्चे" गोड. गढूळ, तळाशी साका असलेली बाटली दिली तर परत करू नका: ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली असते, बाकीच्या मोठ्या बंद टाकीत. दोन्ही शेजारी ठेवून चाखायला मागा, त्यातून जास्त कळतं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे ग्रास्पारोस्साची तोडणी चालू असण्याचे दिवस. बघायला मजा, पण मालकाला बोलायला वेळ कमी. नाशिककडे जसं गेटवर गाडी लावून टेस्टिंगचं कुपन घेता येतं तसं इथल्या छोट्या ठिकाणी होत नाही. ते कुणाचं तरी घर असतं. तीन-चार आठवडे आधी तिन्ही ठिकाणी मेल करा: किती जण, कोणती भाषा, किती वाजता, कोण काय खात नाही, जिना चालतो का. उत्तर आलं नाही तर दुसरीकडे लिहा. न कळवता जाऊ नका.

आता गाडी. चौघांसाठी ड्रायव्हरसकट दिवसाची गाडी घ्या. तिला तिथे "एन.सी.सी." म्हणतात, खाकी कपडेवाली नव्हे. चौघांत वाटली तर टूरच्या तिकिटांहून फार वेगळी पडत नाही. स्वतः चालवायची असेल तर आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवाना लागेल, आणि ऑटोमॅटिक गाडी बुकिंगमधेच मागावी लागेल. इटलीत रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, परवान्याला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. म्हणून चालवणाऱ्याने चाखून थुंकायचं. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, कुणी वाईट मानत नाही. बोलोन्या आणि मोदेनाच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. पाटीवर "झेड.टी.एल." असतं आणि कॅमेरा नंबर टिपतो. दंड घरी पोहोचतो तो महिन्यांनी, वर गाडीवाल्यांचा हाताळणी खर्च. मॅप तो रस्ता बिनदिक्कत दाखवतो. टोल नाक्यावर फक्त पिवळ्या "टेलेपास" (तिथला फास्टॅग) पाटीची रांग टाळा. पार्किंगला पांढरी रेघ फुकट, निळी पैसे देऊन, पिवळी राखीव.

गाडीशिवायही जमतं. बोलोन्याहून विन्योलाला लोकल ट्रेन जाते, तासाभरात. कागदी तिकीट चढण्यापूर्वी मशीनमधे पंच करा, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करा. विन्योलाहून टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा, परतीचीही, कारण खेड्यात हात दाखवून टॅक्सी मिळत नाही. पण ट्रेनने सकाळी साडेआठची डेअरी गाठणं कठीण. तसं जायचं असेल तर चीज सोडा आणि व्हिनेगर, जेवण, वाईन एवढंच करा.

सामानाचं थोडं. डेअरीत फरशी ओली असते, बंद बूट घाला. परफ्यूम टाळा, वाईनच्या खोलीत दुसऱ्यांचाही वास बिघडतो. परतताना व्हिनेगरची 100 मिलीची बाटली पारदर्शक पिशवीतून केबिनमधे नेता येते, वाईन मात्र चेक-इनमधेच. भारतात प्रवाशामागे दोन लिटर मद्य ड्यूटीशिवाय चालतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. लंडनला कुणाकडे उतरणार असाल तर चीज-हॅम घेऊन जाऊ नका: एप्रिल 2025 पासून ब्रिटनने युरोपातून वैयक्तिक सामानात दुग्धजन्य पदार्थ आणि मांस आणायला बंदी घातली आहे. निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासा. घरी आल्यावर व्हिनेगर फ्रिजमधे ठेवू नका, कपाटात झाकण घट्ट लावून राहतं. चीजचं पाकीट फोडलं की बेकिंग पेपरमधे गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. साल फेकू नका, घासून डाळीच्या सूपमधे टाका. लांब्रुस्को जपून ठेवायची वाईन नाही, दिवाळीला उघडा.